परदेशी इंग्रजी शिकवायला निघण्यापूर्वी

गोव्यातील पेडणे आणि डिचोली या तालुक्यांत इंग्रजी शिकवण्यासाठी परदेशी जाण्याची ओढ दोन वेगळ्या वाटांनी आली. पेडण्यात ती किनाऱ्यावरून आली. हरमल, मांद्रे, मोरजी येथे हंगामात मुक्काम करणाऱ्या परदेशी पाहुण्यांत काही जण वर्षभर थायलंड किंवा व्हिएतनाममध्ये इंग्रजी शिकवून, साठलेल्या पैशांवर हिंडणारे असतात. शॅकवर किंवा गेस्ट हाऊसमध्ये काम करत कॉलेज पुरे केलेल्या तरुणाला त्यांचे आयुष्य जवळून दिसते. त्यांच्याशी तो रोज इंग्रजीतच बोलतो, तेव्हा हे काम आपल्यालाही जमेल असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. डिचोलीत हीच ओढ गरजेतून आली. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मध्ये काही काळ सुरू झाल्या आणि मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. ट्रक, बार्ज आणि मशिनरीवर चालणाऱ्या घरांतील पदवीधर मुले-मुली बाहेरची वाट शोधू लागली. जानेवारी २०२३ पासून मोपाहून विमाने उडू लागली आणि परदेश मनाने आणखी जवळ आला.

शिकवता शिकवता जग पाहावे ही इच्छा चांगलीच आहे. अडचण येते ती समजुतीत. किनाऱ्यावरच्या पाहुण्याची वाट आणि भारतीय पासपोर्टधारकाची वाट एक नाही, हे बहुतेकांना पैसे भरल्यानंतर कळते. इंटरनेटवरील बहुतेक जाहिराती ‘इंग्रजी मातृभाषा असलेल्या’ उमेदवारांसाठी असतात आणि मातृभाषा ठरते ती पासपोर्टवरून. दक्षिण कोरियाचा भाषाशिक्षकांसाठीचा ई-२ व्हिसा याचे स्पष्ट उदाहरण आहे. इंग्रजीसाठी तो अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, आयर्लंड आणि दक्षिण आफ्रिका या सातच देशांच्या नागरिकांना मिळतो. १ जानेवारी २०१० पासून लागू झालेल्या भारत-कोरिया आर्थिक करारामुळे भारतीयांसाठी एक दार किलकिले झाले, पण तेही शाळेतील सहायक इंग्रजी शिक्षकाच्या कामापुरते आणि पदवीसोबत अध्यापनाची अधिकृत पात्रता असेल तरच.

गोव्यात यात आणखी एक गैरसमज भर घालतो. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांच्या वंशजांना पोर्तुगालमध्ये जन्मनोंदणी करून तेथील नागरिकत्व घेता येते. त्या पासपोर्टवर युरोपीय संघातील देशांत राहता आणि काम करता येते, हे खरे. परंतु पोर्तुगाल वरील सात देशांत नाही. म्हणजे कोरियासाठी पोर्तुगीज पासपोर्टधारक गोमंतकीय ‘मातृभाषिक’ ठरत नाही, आणि भारतीय म्हणून मिळू शकणारी सवलतही गमावतो. ब्रिटनमध्ये मुक्तपणे जाऊन नोकरी धरण्याची सोयही २०२० च्या अखेरीस संपली. परदेशी नागरिकत्व स्वेच्छेने घेतले की भारतीय नागरिकत्व जाते. दोन-तीन वर्षांच्या भटकंतीसाठी एवढा निर्णय घेणे शहाणपणाचे नाही.

भारतीय शिक्षकांना खरोखर घेणारे देश वेगळे आहेत. मालदीवमध्ये भारतीय शिक्षक अनेक दशके काम करत आले आहेत. तेथे शाळांचे माध्यम इंग्रजी आहे आणि दूरच्या बेटांवर स्थानिक शिक्षक अपुरे पडतात. आखाती देशांत सीबीएसई अभ्यासक्रमाच्या भारतीय शाळा आहेत. तेथे बी.एड. मागतात, आणि पगार सहसा त्याच शहरातील ब्रिटिश अभ्यासक्रमाच्या शाळांपेक्षा कमी असतो. थायलंडमध्येही संधी आहे, पण मातृभाषिक नसलेल्याकडून टोइकसारख्या इंग्रजीच्या परीक्षेतील गुण मागितले जातात आणि शाळेत शिकवायचे तर तेथील शिक्षक परिषदेची परवानगी लागते.

त्यामुळे तयारीचा क्रम उलटा लावू नये. आठवड्याअखेरीस मिळणाऱ्या ऑनलाइन प्रमाणपत्रावर पैसे घालण्याआधी बी.एड. पुरे करावे. पेडणे तालुक्यातल्यांना त्यासाठी हरमलचे गणपत पार्सेकर शिक्षण महाविद्यालय घराजवळ आहे. त्यानंतर एखाद्या हायस्कूलमध्ये लेक्चर बेसिसवर का होईना, दोन वर्षे शिकवावे आणि मुख्याध्यापकांच्या सहीचा अनुभवाचा दाखला त्याच वेळी घेऊन ठेवावा. पैसा कमी मिळतो, वर्षाच्या अखेरीस नेमणूक संपते, हे सगळे मान्य. तरी परदेशी शाळा पहिला प्रश्न अनुभवाचाच विचारते. पुढे वेगळे प्रमाणपत्र घ्यायचेच असेल तर केंब्रिजच्या सेल्टासारखे घ्यावे. त्यात १२० तासांचे प्रशिक्षण असते आणि प्रत्यक्ष विद्यार्थ्यांसमोर किमान सहा तास शिकवून दाखवावे लागते. ज्या प्रमाणपत्रात एकही विद्यार्थी समोर नसतो, त्याला चांगल्या शाळा फारशी किंमत देत नाहीत.

कागदपत्रांच्या बाबतीत गोमंतकीयांची एक खास अडचण आहे. पोर्तुगीज काळातील नोंदींत आडनावे त्या भाषेच्या वळणाने लिहिली गेली. आजोबांच्या दाखल्यावर ‘पोरोबो’ असते आणि नातवाच्या दहावीच्या प्रमाणपत्रावर ‘परब’. नाईक घराण्यात जुने स्पेलिंग क्यू, यू, ई या अक्षरांनी संपते, नवे नुसत्या के अक्षराने. गावात याने काही अडत नाही. परदेशी दूतावासात मात्र जन्मदाखला, पदवी आणि पासपोर्ट यांत एका अक्षराचा फरक निघाला की फाइल परत येते. गोव्यात नाव आणि आडनाव बदलण्यासाठी १९९० चा स्वतंत्र कायदा आहे. नोकरी शोधण्याच्या आधीच त्याखालील दुरुस्ती उरकावी, कारण पदवीचे प्रमाणीकरण नंतरचे काम आहे. एकमेकांची कागदपत्रे मान्य करणाऱ्या अपोस्टिल या आंतरराष्ट्रीय कराराचा सदस्य देश असेल तर परराष्ट्र मंत्रालयाचा अपोस्टिल शिक्का पुरतो. संयुक्त अरब अमिराती त्या करारात नाही, म्हणून तेथे दूतावासाचेही साक्षांकन लागते. मूळ प्रमाणपत्र कुरियरने एजंटाकडे पाठवून निश्चिंत होऊ नये. पोचपावती आणि स्कॅन प्रत घरच्यांजवळ ठेवावी.

एजंटाची परीक्षा सोपी आहे. १९८३ च्या उत्प्रवासन कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याकडे केंद्र सरकारचा परवाना हवा. परवाना क्रमांक ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येतो आणि सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३०,००० रुपये अधिक जीएसटी अशी ठरलेली आहे. लाखाची रक्कम रोख मागणारा माणूस कितीही ओळखीचा असला, तरी त्याच्यामार्फत जाऊ नये. एक गोष्ट येथे नीट समजून घ्यावी. दहावी पास झालेल्याच्या पासपोर्टला उत्प्रवासनाची सरकारी मंजुरी लागत नाही, आणि मालदीव तर ही मंजुरी लागणाऱ्या १८ देशांच्या यादीतही नाही. परिणामी मजुराच्या कराराकडे सरकारी अधिकाऱ्याची नजर जाते, शिक्षकाच्या कराराकडे कोणाचीच जात नाही. सुशिक्षिताने आपली राखण आपणच करायची असते.

म्हणून करारपत्र शब्दाशब्दाने वाचावे. ‘राहण्याची सोय’ एवढेच लिहिलेले असेल तर खोली एकट्याची की तिघांत, वीज-पाण्याचे बिल कोणाचे, सुट्टीत भाडे पडते का, हे लेखी विचारावे. आठवड्याच्या तासिका मोजून लिहिलेल्या हव्यात. ‘शाळेच्या गरजेनुसार’ या शब्दांचा अर्थ पुढे संध्याकाळचे वर्ग, शनिवारची शिकवणी आणि स्नेहसंमेलनाची तयारी असा निघतो. पगार कोणत्या चलनात, हा सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. मालदीवमध्ये पगार रुफियात मिळतो, डॉलरची टंचाई असते आणि बँकेतून घरी पाठवायच्या रकमेवर मर्यादा येतात. कागदावर मोठा दिसणारा पगार डिचोलीच्या बँकेत पोचेपर्यंत अडखळतो. नोकरी मुदतीपूर्वी सोडल्यास भरपाई किती आणि परतीचे तिकीट कोणाकडे, हेही पाहावे. पासपोर्ट शाळेकडे जमा करण्याची अट मान्य करू नये. १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे तो भारत सरकारच्या मालकीचा असतो.

आणखी एका धोक्याकडे दुर्लक्ष परवडणार नाही. पर्यटक म्हणून या, काम सुरू करा, वर्क परमिट मागाहून करू, असे सांगणारा मालक असेल तर निघूच नये. पर्यटक म्हणून प्रवेश घेऊन शिकवणे थायलंडमध्ये बेकायदा आहे आणि दंड शिक्षकाला होतो. इंग्रजी येणाऱ्या तरुणांना थायलंडमधील नोकरीच्या नावाने नेऊन म्यानमारच्या सीमेवरील सायबर फसवणुकीच्या अड्ड्यांत डांबल्याचे प्रकार २०२२ पासून उघड झाले. परराष्ट्र मंत्रालयाने त्याच वर्षी सप्टेंबरात इशारा दिला. मार्च २०२५ मध्ये हवाई दलाच्या विमानांनी अशा अड्ड्यांतून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना परत आणले. विमानतळावर उतरल्यावर ठरलेल्या शहराऐवजी गाडी सीमेकडे वळू लागली, तर त्याच क्षणी भारतीय दूतावासाला फोन करावा.

प्रवासाच्या आवडीबद्दल शेवटचे. शिक्षकाला प्रवास करता येतो तो सुट्टीत, आणि पहिल्या वर्षी तोही थोडाच. बेटावरच्या शाळेतून निघताना बोट चुकली तर आठवडाअखेर तेथेच काढावी लागते. ज्यांना वर्गात उभे राहणे मनापासून आवडते, तेच दुसऱ्या वर्षाचा करार करतात. नुसते हिंडायचे असेल त्यांनी पैसे साठवून हिंडून यावे, मुलांचे वर्ष वाया घालवू नये.

निघणाऱ्याने कराराची प्रत घरी ठेवावी, पोचल्यावर भारतीय दूतावासात नाव नोंदवावे आणि प्रवासी भारतीय साहाय्यता केंद्राचा १८००-११-३०९० हा टोल फ्री क्रमांक आई-वडिलांना लिहून द्यावा. तक्रार ‘मदद’ संकेतस्थळावर घरूनही नोंदवता येते.