कायक आणि वेठ

गेल्या श्रावणात दर्शनाला आलेल्या एका भक्ताच्या मुलाने प्रश्न विचारला. मुलगा बेंगळुरूला एका सॉफ्टवेअर कंपनीत अभियंता आहे. तो म्हणाला, "अप्पाजी, रोज रात्री साडेदहा-अकरापर्यंत काम चालते. जादा वेळेचा पैसा मिळत नाही. मागितला तर साहेब म्हणतात, तुम्ही तर कायकाला कैलास मानणारे. तास कसले मोजता?" बसलेली वडीलधारी मंडळी हसली. एक आजोबा म्हणाले, "बाळ, एवढा पगार घेतोस आणि वर घड्याळ बघतोस?" मला मात्र हसू आले नाही. साहेबांनी आपलाच शब्द आपल्या मुलावर उलटवला होता. म्हणून या महिन्याचा पाठ त्यावर.

आयदक्की मारय्या आणि लक्कम्मा यांची कथा आपण सर्व जाणता. कल्याणात सांडलेले तांदूळ वेचून आणणे हे मारय्यांचे कायक. एके दिवशी ते नेहमीपेक्षा जास्त तांदूळ घेऊन आले. लक्कम्माने ते घरात ठेवू दिले नाहीत. जास्तीचे जेथले तेथे परत टाकून या, असे सांगितले. या कथेवर प्रवचन करताना आपण निर्लोभतेवर थांबतो. पण लक्कम्माचा हात बघा. तिला जास्तीचे किती, हे कळले कसे? रोजचे माप तिच्या हाताला ठाऊक होते म्हणून. ज्या घरात माप नाही, त्या घरात जास्त काय आणि कमी काय, हे कोण सांगणार? मोजणे हे कायकाच्या आड येत नाही; मोजल्यावाचून कायक शुद्ध राहत नाही.

आता हेच माप धन्याच्या घरी न्या. ठरलेल्या तासांपलीकडे दोन तास दुसऱ्याचे श्रम घेतले आणि मोबदला दिला नाही, तर ते दोन तास म्हणजे धन्याच्या घरी आलेले जास्तीचे तांदूळच होत. लक्कम्माचा नियम वेचणाऱ्या गरिबाला लागू आणि श्रम घेणाऱ्या श्रीमंताला लागू नाही, असे शरणांनी कोठे म्हटलेले नाही.

हे तास हरवतात कसे, ते त्या मुलाकडून मी समजून घेतले. परदेशी ग्राहकाचे काम मिळावे म्हणून कंपनी कमी माणसे आणि कमी दिवस सांगते. काम तेवढ्यात होणार नाही, हे सांगणाऱ्यालाही ठाऊक असते. ती तूट मुलांच्या रात्रींनी भरून निघते. अमेरिकेत सकाळ होते तेव्हा आपल्याकडे संध्याकाळ झालेली असते, म्हणून बैठका जेवणाच्या वेळी. आणि टाइमशीटवर त्याला रोजचे ठरीव तासच भरता येतात. त्यापुढचे काम कागदावर घडतच नाही. आमच्याकडे सावकाराच्या वहीत फेडलेले हप्ते असेच दिसत नसत!

कर्नाटकात १९६१ साली झालेल्या दुकाने व वाणिज्य आस्थापना अधिनियमाने दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली व त्यापुढील कामाला दुप्पट दराने वेतन सांगितले. व्यवस्थापनाच्या पदावरील माणसे त्यातून वगळली. मग हुद्दे फुगू लागले तर नवल काय! जुलै २०२४ मध्ये तर याच उद्योगासाठी दिवसाला १४ तासांपर्यंत काम घेण्याची मुभा देणारा प्रस्ताव पुढे आला आणि कर्मचारी संघटनेने त्याला कडाडून विरोध केला.

आजोबांच्या समाधानासाठी हिशेबही करू. महिना ५२,००० रुपये वेतन धरा. आठवड्याला ४८ तासांप्रमाणे महिन्याचे २०८ तास होतात, म्हणजे तासाला २५० रुपये. नऊ तास भरल्यावर रोज दोन तास जादा, असे २२ दिवस केले तर ४४ तास. दुप्पट दराने २२,००० रुपये. एवढी रक्कम घरातून दर महिन्याला चोरीस गेली असती तर आजोबा पोलिसांत गेले असते. पगार मोठा आहे हे खरे, पण तो ठरलेल्या कामाचा आहे. न ठरलेल्या कामाची पावती त्यात नाही.

कोणी म्हणेल, हा दासोह समजावा. दासोह आपल्या हातातले देण्याने होतो. नकार दिला तर बढती अडेल, या धाकाने जे काढून घेतले जाते त्याला संस्कृतात विष्टि हा शब्द आहे आणि त्यावरूनच आपल्या मराठीत वेठ आली. कायद्याच्या भाषेत या मुलांना वेठबिगार म्हणता येणार नाही, राजीनामा त्यांच्या हाती आहे. पण कर्जाचे हप्ते डोक्यावर असताना तो हात किती मोकळा असतो, हे ज्याचे त्याला ठाऊक.

येथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. मुलगा गेल्यावर रात्री मी स्वयंपाकघराकडे गेलो. श्रावण सोमवार होता. आमचे आचारी पहाटे चारला उठलेले, अकरा वाजता कढया घासत होते. महिन्याचे वेतन ठरलेले. बाकीची ती सेवा, असे आम्हीच वर्षानुवर्षे म्हणत आलो. त्यांना कोणी कधी विचारले नव्हते. मीही नाही. दुसऱ्या दिवशी मी कारभाऱ्यांना त्यांच्या नावाची वही घालायला सांगितली. कारभारी म्हणाले, "अप्पा, मागील वर्षांचे काय?" मागील तीन श्रावणांचे तास आठवतील तसे मांडायला आचाऱ्यांनाच बसवले आहे. त्यांनी सांगितलेला आकडा आम्ही कमी करणार नाही.