रक्त थांबलं म्हणून गोळी थांबवू नकोस

अगं, मेसालामिन तू परस्पर बंद केलंस हे कळलं आणि मला राहवेना. रक्त दिसत नाही, पोटात कळ येत नाही, मग रोज एवढ्या गोळ्या कशाला, असंच वाटलं ना? खरं सांगू का, ज्या गोळीने बरं वाटतंय तीच तू सोडलीस. अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याच्या अस्तराला आलेली सूज. ती निवल्यासारखी वाटली तरी औषध सुटलं की पुन्हा उसळते. आणि पुढेमागे प्रेडनिसोलोन दिलं तर तेही एकदम तोडायचं नाही, डॉक्टरच हळूहळू कमी करतात.

आधीच मूळव्याध समजून तुझे किती महिने गेले! कराडला दुर्बिणीने बघून तुकडा तपासला, तेव्हा कुठे खरं नाव कळलं. आता हाती आलेले उपचार सोडायचे नाहीत.

सपोझिटरीची तुला लाज वाटते, तेही ठाऊक आहे मला. पण बघ, सूज गुदाशयात असेल तर तोंडाने घ्यायच्या गोळीपेक्षा ती जास्त लागू पडते. झोपण्याआधी संडासला जाऊन ये, तिचं टोक पाण्याने जरा ओलं कर, डाव्या कुशीवर वळून वरचा गुडघा पोटाशी घे आणि बोटाने अलगद आत सरकव. मग तशीच झोपून जा. डाग पडतात, म्हणून जुने कपडे घाल. चार दिवसांत सवय होईल.

खाण्याचं म्हणशील, तर एखाद्या पदार्थाने हा आजार झाला नाही आणि पथ्याने तो जाणारही नाही. त्रास उसळला की नाचणीची भाकरी, घेवड्याची उसळ, ठेचा, कच्ची काकडी बाजूला ठेव. मऊ भात, मुगाचं वरण, शिजवलेला दुधी, उकडलेलं अंडं खा. दूध सोसत नसेल तर ताक घेऊन बघ. पण बरं वाटलं की भाकरी परत सुरू कर गं! सासूबाई मायेने नुसती पेज देतात, पण रक्त जाऊन जाऊन आधीच अंगातलं लोह कमी होतं. त्यात अशी उपासमार नको. हिमोग्लोबिन तपासून घे.

आणखी एक. भातलावणीनंतर कंबर धरली की आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नकोस, त्याने आतडं पुन्हा बिथरू शकतं. पॅरासिटामॉल चालतं. दिवसात सहा-सात वेळा रक्ताचे जुलाब आणि सोबत ताप आला, तर सकाळच्या एसटीची वाट बघायची नाही, गाडी काढून थेट दवाखाना.

बाळाची काळजी करतेस ना? आजार शांत असताना दिवस राहिलेले बरे, आणि मेसालामिन गरोदरपणातही सहसा चालू ठेवतात. पण ठरवण्याआधी डॉक्टरांना सगळी औषधं दाखव; मेथोट्रेक्सेटसारखं औषध त्या काळात अजिबात चालत नाही.

उद्या सकाळीच त्यांना फोन कर आणि गोळ्या किती दिवस बंद होत्या ते खरं खरं सांग. रागावले तर रागावू देत. त्यांचं झालं की मला फोन कर.