उन्हानें वांकणारा रस्ता

वैशाखांत मालेगांवीं पारा चाळीस अंशांवर चढतो, तेव्हां रस्त्यावरील डांबर मऊ होतें हें आपण सर्वांनीं पाहिलें आहे. परंतु दगडासारखें कठीण काँक्रीटही उन्हानें वांकतें, असें आम्हीं म्हटल्यास पुष्कळांस नवल वाटेल. तें कसें, याचा येथें थोडा विचार करूं.

काँक्रीटचें उष्णतामान एक अंशानें वाढलें म्हणजे त्याची लांबी सुमारें एक लक्षांशानें वाढते. साडेचार मीटरांचा स्लॅब ३० अंश तापला तर तो सुमारें १.३५ मिलिमीटर लांबतो. हें आकुंचन-प्रसरण सोसावें म्हणून रस्त्यांत सांधे ठेवितात. पण खरी मेख पुढेंच आहे. दुपारीं स्लॅबचा पृष्ठभाग तापतो, तळ मात्र त्या मानानें थंड राहतो. महाराष्ट्रांत २५ सेंटिमीटर जाडीच्या स्लॅबांत हा फरक सुमारें २० अंश धरितात. वरचा थर अधिक पसरल्यामुळें स्लॅबची पाठ फुगूं पाहते. त्याचें स्वतःचें वजन तिला खालीं ओढतें, आणि तळाशीं ताण पडतो. पहाटे याच्या उलट घडतें. पृष्ठभाग निवतो, कोपरे उचलूं लागतात व ताण वरच्या अंगास येतो. काँक्रीट दाब उत्तम सोसतें, पण ताण सोसण्याची त्याची शक्ति दाबाच्या सुमारें दशांशच असते. त्यांतच मुंबई-आग्रा रस्त्यानें जातात तशी भरलेली मालमोटार वरून गेली कीं दोन्ही ताण एकत्र होतात. असें लक्षावधि वेळां झालें म्हणजे चीर पडते.

वेस्टरगार्ड नांवाच्या गणितज्ञ अभियंत्यानें १९२७ सालीं या ताणाचीं सूत्रें मांडलीं. उष्णता वरपासून तळापर्यंत सारख्या प्रमाणानें उतरते असें त्यांत गृहीत धरिलें होतें. प्रत्यक्षांत तसें नसतें. आज संगणक स्लॅबचे हजारों लहान भाग कल्पितो, आणि ऊन, वारा व ओलावा यांच्या मापांवरून प्रत्येक भाग तासातासाला किती तापला व किती ताणला गेला हें काढितो. १९३४ सालीं स्थापन झालेल्या इंडियन रोड्स काँग्रेसची ५८ क्रमांकाची नियमावलीही दुपारीं तळांतून व रात्रीं वरून पडणाऱ्या, अशा दोन्ही चिरांचा हिशेब करावयास सांगते.

तथापि विद्यार्थ्यांनीं एक गोष्ट ध्यानांत धरावी. संगणक त्यास दिलेल्या मापांहून शहाणा नसतो. मुंबईची दमट हवा धरून मालेगांवच्या रस्त्याचें गणित केलें, तर बेरीज बिनचूक येईल, रस्ता मात्र फुटेल. आणि दुरुस्तीचा भार कर देणाऱ्या आपल्या आईबापांवर पडेल. म्हणून आमची सूचना अशी कीं, शाळेच्या ओट्याचें उष्णतामान पहाटे व दुपारीं महिनाभर टिपून ठेवावें. वाळूवर घर बांधणाऱ्या मनुष्याचा दाखला आपण ऐकतों. त्यानें पाया पाहिला नाहीं. आपण पायाबरोबर आकाशही पाहावें.