चालकाचा परवाना आणि आपला ऊस



बेणे कोणते निवडावे, खताचा हप्ता कधी द्यावा हे आम्ही या पानावर नेहमी सांगतो. या खेपेस विषय निराळा आहे, पण तोही उसाच्या वजनाशीच येऊन भिडतो.

ट्रॅक्टर रस्त्यात अडवला, दंड भरला, की प्रकरण मिटले असे आपण धरून चालतो. तसे नाही. दंडाचा निकाल न्यायालयात किंवा लोकअदालतीत लागतो. परवाना निलंबित करण्याचा अधिकार मात्र मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 19 प्रमाणे आर.टी.ओ.कडे वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या रस्ता सुरक्षा समितीने 2015 साली राज्यांना कळवले की, जादा माल भरणे, मालवाहू गाडीतून माणसे नेणे, दारू पिऊन किंवा मोबाईलवर बोलत गाडी हाकणे अशा गुन्ह्यांत परवाना किमान 3 महिने निलंबित करावा. तीन महिने म्हणजे आपला जवळजवळ सगळा हंगाम की!

यातल्या पहिल्या दोन गोष्टी आपल्याकडे रोजच्याच. "दोन मोळ्या आणखी चढव" म्हणणारा बहुधा चालक नसतो. परवाना जातो तो मात्र त्याचा. जादा वजनाला 2019 च्या दुरुस्तीने 20,000 रुपये आणि वर दर टनाला 2,000 रुपये दंड आहे. शिवाय जादा माल उतरवल्याशिवाय गाडी हलू देत नाहीत.

चालक घरी बसला की ट्रॅक्टर उभा, आणि टोळीही बसून. तिची मजुरी टनावर, तेव्हा मुकादमाकडून घेतलेली उचल फिटायची कशी? तोडलेला ऊस 24 तासांत गव्हाणीत पडला पाहिजे. फडात वाळला तर वजन घटते, साखरही उतरते.

अशा वेळी "पोराला बसवा स्टेअरिंगवर" हा तोडगा निघतो. तो फार महागात पडतो. विनापरवाना माणसाला गाडी दिली तर मालकाला 5,000 रुपये दंड किंवा 3 महिने कैद होऊ शकते. अपघात झाला तर विमा कंपनी भरपाई देऊन ती मालकाकडून वसूल करू शकते. त्यात जमीन विकावी लागेल, हे आम्ही उगीच भीती घालायला लिहीत नाही.

निलंबनापूर्वी चालकाला म्हणणे मांडण्याची संधी मिळते. नोटीस आली की ती खुंटीला अडकवू नका, ठरल्या तारखेला हजर राहा. आदेश झालाच तर 30 दिवसांत अपील करता येते. मुदत आदेश हाती पडल्यापासून मोजावी.