गोष्टीतला लंगडा आणि आपल्या बाकावरचा भाऊ



गेल्या नाताळात आपल्या मुलांनी नाटिका सादर केली. हेरोद राजाचा दुष्ट हेर झालेला मुलगा मुद्दाम लंगडत आला आणि आपण सारे पोट धरून हसलो. तालीम घेणाऱ्या आम्हांलाही त्यात काही वावगे वाटले नव्हते. पुढच्या रविवारी एका आईने आम्हांला बाजूला घेऊन सांगितले, "माझा पोरगा कॅलिपर लावून पहिल्याच रांगेत बसला होता. घरी जाताना विचारत होता, आई, वाईट माणसं माझ्यासारखी चालतात का?"

आमच्याजवळ उत्तर नव्हते. म्हणून आज आपण त्यावरच थोडे चिंतन करू या.

गोष्टी काय शिकवतात?

दुष्टाने लंगडावे हे आम्हांला कोणी शिकवले? लहानपणापासून ऐकलेल्या गोष्टींनी. मंथरा म्हटली की कुबड आठवते. दूरदर्शनवरच्या 'महाभारत' मालिकेतला (१९८८-९०) शकुनी लंगडत चालतो. जर्मनीतील ग्रिम बंधूंच्या सिंड्रेलाच्या गोष्टीत शेवटी पारवे दुष्ट सावत्र बहिणींचे डोळे फोडतात. १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत ही शिक्षा नव्हती, ती १८१९ मध्ये घातली गेली. म्हणजे अपंगत्व हे पापाचे फळ, हा पहिला साचा.

दुसरा साचा गोड दिसतो. त्याच ग्रिम बंधूंच्या रापुंझेलच्या गोष्टीत आंधळा झालेला राजपुत्र तिच्या अश्रूंनी डोळस होतो आणि मगच सुखाचा संसार सुरू होतो. जो बरा झाला नाही, त्याची गोष्ट कोण सांगतो?

आपल्या वऱ्हाडाच्या मातीतही पाहा. महानुभावांच्या 'दृष्टान्तपाठा'त आंधळे आणि हत्ती यांचा दृष्टान्त आहे. शिकवण मोठी आहे, पण आपण ती ऐकून 'आंधळा म्हणजे अज्ञानी' एवढेच लक्षात ठेवतो. मात्र अष्टावक्राची कथा उलट सांगते. त्याच्या वाकड्या अंगाला हसणारी राजसभा त्याच्या ज्ञानापुढे हरते. ही गोष्टही मुलांना सांगायला हवी.

येशू काय सांगतो?

जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनी विचारले की पाप कोणाचे, याचे की याच्या आईबापांचे? येशूने स्पष्ट सांगितले, दोघांचेही नाही (योहान ९:१-३). पहिला साचा प्रभूने तेथेच मोडला. तरीही आपल्या वाशीम जिल्ह्यात अशा बाळाच्या आईला 'कोणाचं पाप भोगते' हे शब्द ऐकावे लागतात.

दुसरा साचा आपण श्रद्धावंतच जपतो. 'विश्वास असता तर बरा झाला असता,' असे म्हणून आपण आजारी माणसावर आणखी एक ओझे टाकतो. संत पौलाने आपल्या शरीरातील काटा निघावा म्हणून तीनदा प्रार्थना केली. काटा निघाला नाही, कृपा मात्र मिळाली (२ करिंथ १२:७-९). पौलाचा विश्वास कमी होता, असे कोण म्हणेल?

संत मार्गारेट

इटलीतील कास्तेल्लोची मार्गारेट १२८७ मध्ये एका सरदार घराण्यात जन्मली. ती आंधळी, ठेंगणी आणि पायाने अधू होती. लाजेपोटी आईबापांनी तिला कोंडून ठेवले. पुढे चमत्काराच्या आशेने एका तीर्थस्थानी नेले आणि ती बरी होत नाही असे पाहून तेथेच सोडून दिले. गावातील गरिबांनी तिला सांभाळले. डॉमिनिकन संघाच्या या तृतीय सदस्येने आजाऱ्यांची व कैद्यांची सेवा केली, मुलांना शिकवले. १३२० मध्ये ती वारली, तोवर तिला दृष्टी आली नव्हती. २०२१ मध्ये दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी तिला संत म्हणून घोषित केले.

आपल्या शेजारच्या अमरावती जिल्ह्यात वझ्झर येथे शंकरबाबा पापळकर यांनी बेवारस अपंग मुलांना आपले नाव दिले. २०२४ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्याच वर्षी त्यांच्याकडे वाढलेली एक दृष्टिहीन मुलगी लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण झाली. अशा गोष्टी आपल्या घरात सांगितल्या जातात का?

आपण काय करावे?

२०११ च्या जनगणनेत देशात सुमारे २ कोटी ६८ लाख अपंग व्यक्तींची नोंद झाली. मग आपल्या मिस्साला इतके थोडे का दिसतात? मेजवानीला लंगड्या-आंधळ्यांना बोलाव, असे प्रभूने सांगितले आहे (लूक १४:१३). त्यांना घरी ठेवून या, असे सांगितलेले नाही.

या आठवड्यात घरी विचार करावा:
१. आपण कोणाला नावाऐवजी 'लंगड्या', 'बहिऱ्या' म्हणून हाक मारतो का?
२. आपल्या वाडीतील कोणी केवळ देवळाच्या पायऱ्यांमुळे घरी राहते का?
३. मुलांना सांगितलेल्या गोष्टीतला दुष्ट माणूस कसा दिसतो?

आम्ही त्या आईची क्षमा मागितली आहे. यंदाच्या नाटिकेत तिचा मुलगा तीन राजांपैकी एक होणार आहे. भूमिका त्यानेच निवडली. तो आपल्या चालीने चालत येईल आणि बाळ येशूला सोने अर्पण करील.