लुळा हात, कलणारी पाठ

दुचाकीवरून पडताना डोकं एकीकडे आणि खांदा दुसरीकडे हिसकला गेला की मानेतून हाताकडे जाणाऱ्या 5 मुख्य नसांचं जाळं, म्हणजे ब्रेकियल प्लेक्सस, ताणलं जातं. कधी मुळातूनच उपटतं. हात लुळा पडतो. बोटं कधी हलतील याकडे घरादाराचे डोळे लागतात आणि तेवढ्यात मान-पाठ वाकडी होत जाते. 70 किलोच्या माणसाचा एक हात साडेतीन किलोच्या आसपास भरतो. धरून ठेवणारे स्नायू झोपले की हे ओझं दिवसभर खांद्याला लोंबतं.

काय करावे

• आधी हाताचं ओझं उतरवा. बसलात की कोपराखाली उशी घ्या. दोन्ही खांदे एका रेषेत येतील इतकीच उंच.

• चालताना झोळी (स्लिंग) वापरा. पट्टा मानेवर काचणारा नको. पाठीवरून दुसऱ्या खांद्यावर भार देणारा घ्या. लहानशी गोष्ट वाटते, पण मानेचं दुखणं बरेचदा इथूनच सुरू होतं.

• झोळीतला हात दिवसभर पोटाशी राहिला तर खांदा आत वळतो आणि तसाच आखडतो. म्हणून दिवसातून 3-4 वेळा हात बाहेर काढा. कोपर कमरेला टेकवून काटकोनात ठेवा आणि चांगल्या हाताने मनगट धरून पंजा हळूच बाहेरच्या बाजूला न्या. कोपर, मनगट, बोटंही उघडा-मिटा. नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, तर सर्जनने सांगेपर्यंत यातलं काही करू नका.

• रात्री पाठीवर झोपा, अख्ख्या हाताखाली उशी. कूस बदलायची तर चांगल्या बाजूची.

• खांद्याच्या टोकाखाली बोटभर खळगा दिसला तर सांधा खाली सरकला असण्याची शक्यता आहे. फिजिओथेरपिस्टला दाखवा.

• एसटीत, लोकलमध्ये लुळा हात खिडकीकडे ठेवा.

काय टाळावे

• "ताठ बस" असं सारखं बजावणं. आधाराशिवाय ताठ बसायला गेलं की माणूस खांदा कानाकडे ओढून धरतो; मानेचे स्नायू दगडासारखे होतात.

• अंग एका बाजूला झुकवून, झटक्याने हात उडवणं. हात हलल्यासारखा वाटतो, पण काम पाठ करत असते.

• उठवताना तो हात ओढणं किंवा काखेत हात घालणं. घरच्यांनो, हे अगदी कटाक्षाने पाळा.

• बधिर हाताला शेक. भाजलेलं कळत नाही, फोड आल्यावर दिसतं. स्वयंपाकघरात तवा आणि वाफेपासूनही जपा.

• जोरदार मालीश, हाड बसवून घेणं.

• मांडीवरच्या मोबाईलवर तासन्‌तास मान घालणं. मोबाईल स्टँडवर ठेवा.

• "येईल आपोआप" म्हणून थांबणं. नस वाढते, पण दिवसाला जेमतेम 1 मिलिमीटर, आणि उपटलेली नस आपली आपण जुळत नाही. शस्त्रक्रिया लागलीच, तर पहिल्या 3 ते 6 महिन्यांत केलेली अधिक उपयोगी पडते. अपघाताला महिना उलटून गेला आणि खांदा, कोपर हलत नसेल, तर नसांची शस्त्रक्रिया करणाऱ्या सर्जनला याच आठवड्यात गाठा.