नकाराचं पत्र फाडू नको

बस बाबू. आधी ते पत्र इकडे दे. परवापासून तुझ्या खिशात चुरगळतंय, घामानं शाई उतरेल. अपंगत्व पेन्शन नाकारल्याचं पत्र सातबाऱ्यासारखं जपायचं असतं. ते नसलं तर वर कुणी ऐकायलाच बसत नाही. मी माझं रागाच्या भरात चुलीत घातलं होतं. मग नक्कल मिळवता मिळवता धानाचे दोन हंगाम गेले.

पत्रात आधी तारीख बघ. पहिल्या अपिलाला सहा महिने असतात. आपल्याकडे तेंदूपत्ता, मग रोवणी, मग कापणी करता करता सहा महिने कसे सरतात ते तुला ठाऊक आहे. पाकीटही फेकू नको, कोणत्या दिवशी हाती पडलं ते त्यावरच लिही.

मग कारण बघ. 'आजार सेवेमुळे झालेला नाही आणि सेवेमुळे वाढलेलाही नाही' असंच काहीतरी असेल. फौजेतले बाबू त्याला 'अ‍ॅट्रिब्युटेबल' आणि 'अ‍ॅग्रव्हेटेड' म्हणतात. हे दोन वेगळे दरवाजे आहेत. बरेच जण 'झाला' यावरच भांडत बसतात आणि 'वाढला' विसरतात. तुझा बीपी फौजेनं दिला नसेल, पण त्याच बीपीवर तुला उंचावर ड्यूटी लागली असेल तर दुसरा दरवाजा ठोकायचा.

धरमवीर सिंग यांचा खटला लक्षात ठेव. 1985 मध्ये भरती झालेला शिपाई. झटके येऊ लागले म्हणून 1994 मध्ये घरी पाठवलं. वीस टक्के अपंगत्व धरलं, पण आजार शरीरातलाच, सेवेचा संबंध नाही म्हणून पेन्शन दिली नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2013 मध्ये निकाल दिला: भरतीच्या तपासणीत आजाराची नोंद नसेल, तर जवान धडधाकट आला असंच धरायचं, आणि आजार सेवेचा नाही म्हणायचं असेल तर वैद्यकीय बोर्डानं कारण लिहून द्यायचं. म्हणजे सिद्ध करायचं ओझं आधी तुझ्या डोक्यावर नाही. हे तत्त्व 1982 च्या नियमांवरचं आहे. 21 सप्टेंबर 2023 पासून नवे नियम आलेत, तेव्हा वकिलाला पहिला प्रश्न हाच विचार, माझ्या निवृत्तीच्या तारखेला कोणते नियम लागतात?

म्हणून दोन कागद हवेत: भरतीची वैद्यकीय तपासणी आणि रिलीज मेडिकल बोर्डची पूर्ण कार्यवाही. नुसतं शेवटचं पान नको. देत नसतील तर माहिती अधिकारात माग. बोर्डानं टक्के किती लावले तेही बघ. वीसच्या खाली असेल तर वाट अवघड. वीस ते पन्नासच्या आत असेल आणि पेन्शन मंजूर झाली, तर ती पन्नास धरून मोजतात. राम अवतार यांच्या 2014 च्या निकालानंतर मुदत पूर्ण करून आलेल्यांनाही तो लाभ मिळू लागला.

आता अपील कुणाकडे? पहिलं आणि दुसरं, दोन्ही त्याच खात्याच्या समित्यांपुढे. घरचेच पंच म्हण ना. पण ते टाळून सहसा पुढे जाता येत नाही, कायद्यात तसंच आहे. मात्र सहा महिन्यांत उत्तर आलं नाही, तर वाट बघत बसायची सक्तीही नाही. बाहेरचा डोळा मिळतो तो सशस्त्र दल न्यायाधिकरणात. 2007 च्या कायद्यानं झालं, 2009 पासून चालू आहे. महाराष्ट्रासाठी मुंबईचं खंडपीठ. एक सदस्य न्यायाधीश, दुसरा निवृत्त वरिष्ठ सेनाधिकारी. मुंबई लांब आहे हे खरं, बल्लारशाहून अख्खी रात्र गाडीत काढावी लागते. पण वकील तिथलाच केला तर तुला दर तारखेला जावं लागत नाही.

वकिलाबद्दल एकच सांगतो. मिळालेल्या थकबाकीतून एवढे टक्के माझे, असं म्हणणारा दलाल दारात उभा करू नको. बाईमाणसाला तर उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, 1987 च्या विधी सेवा कायद्यानं. तालुका विधी सेवा समितीत अर्ज करायचा.

उशीर झाला म्हणून घरी बसणारे मला पटत नाहीत. दर महिन्याला पेन्शन कमी मिळते, म्हणजे दर महिन्याला नवा अन्याय, असं न्यायालय मानतं. पण तरसेम सिंग यांच्या 2008 च्या निकालाप्रमाणे थकबाकी साधारणपणे अर्जाच्या मागच्या तीन वर्षांचीच. तीन वर्षं उलटल्यावर आणखी एक वर्ष थांबलास तर एका वर्षाची रक्कम गेली.

आणि हे बायकोचं नाव! डिस्चार्ज बुकात माहेरचं, आधारवर वेगळं, पीपीओवर, म्हणजे पेन्शनच्या आदेशावर, तिसरंच. आपल्या गावात हे घरोघरी. तू असताना हे दुरुस्त कर. तू नसताना ती बिचारी कुठं कुठं फिरणार? जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा, सगळे कागद दाखव, नाव एक करून घे. नोव्हेंबरचं हयातीचं प्रमाणपत्रही चुकवू नको. आपल्याकडे नेट येत नसेल तर एक दिवस चंद्रपूरला जाऊनच काढ.

उद्या सकाळच्या एसटीनं निघ. अपील स्पीड पोस्टानं पाठव, त्याची पावती डिस्चार्ज बुकात ठेव, आणि सगळ्याची एक झेरॉक्स मला आणून दे. माझ्या पेटीत वाळवी लागत नाही, कडुनिंबाचा पाला टाकलाय.